मोजणारा आत आहे का?



माझे वडील आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. पहाटे पाचला संकलन सुरू व्हायचं. प्रत्येकाच्या किटलीतलं दूध मापायचं, नमुना बाटलीत घ्यायचा, फॅट लावायचं, वहीत नोंद करायची. कॅन टेम्पोत चढवण्याआधी झाकणाच्या कडीतून तार ओवून वडील स्वतः शिशाचं सील दाबायचे. रात्री जेवणं उरकली की ताळा. आलं किती, गेलं किती, नासलं किती. दोन लिटरचा फरक निघाला तर हा माणूस झोपत नसे. आई म्हणायची, "दोन लिटरनं काय होतंय?" त्यावर वडिलांचं ठरलेलं उत्तर होतं, "कुठं गेलं ते कळलं नाही, हे होतंय."

आज मला अण्वस्त्रांच्या प्रसाराविषयी बोलायचं आहे, आणि सुरुवात दुधापासून केली ती मुद्दाम. तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की हा विषय आपल्याकडे चुकीच्या टोकानं धरला जातो.

अण्वस्त्रप्रसारबंदी करार १९६८ साली सह्यांसाठी खुला झाला आणि १९७० मध्ये अमलात आला. त्याचं नाव निघालं की आपली चर्चा थेट भेदभावावर जाते. १९६७ उजाडण्याआधी ज्यांनी चाचणी केली त्या पाच देशांना मुभा आणि बाकीच्यांना बंदी, हे अन्यायाचं आहेच. भारतानं सही का केली नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सहाव्या कलमात त्या पाचांनी निःशस्त्रीकरणाचं वचन दिलं होतं. १९८० च्या दशकात जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रं होती, आज १२,००० च्या आसपास आहेत. वचन किती पाळलं गेलं, हा एक स्वतंत्र भाषणाचा विषय आहे, तो आज घेत नाही. कारण पहिलं, दुसरं आणि सहावं कलम लोकांना तोंडपाठ असतं, आणि मधलं तिसरं कोणी वाचत नाही. तिसरं कलम सांगतं की ज्यांनी अण्वस्त्रं न बनवण्याचा शब्द दिला, त्यांच्याकडचं युरेनियम आणि प्लुटोनियम व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक येऊन मोजतील. सगळा करार या मोजणीवर उभा आहे.

मोजायचं काय, ते नीट ऐका. इथंच गल्लत होते.

डेअरीत मलई काढायचं यंत्र तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलं असेल. भांडं जोरात फिरतं, जड दूध कडेला जातं आणि हलकी साय मधून निघते. युरेनियमचं सेंट्रिफ्यूज तत्त्वानं हेच यंत्र आहे, फक्त त्यात युरेनियमचा वायू भरतात आणि वेग कैक पटींनी जास्त असतो. खाणीतल्या युरेनियमच्या सुमारे १४० अणूंत आपल्याला हवा असलेला २३५ वजनाचा अणू एकच असतो. वीज बनवणाऱ्या अणुभट्टीला साधारण चार-पाच टक्के पुरतात, बॉम्बला नव्वदच्या आसपास लागतात. ऐकणाऱ्याला वाटतं, पाच कुठं आणि नव्वद कुठं! अजून केवढा पल्ला बाकी आहे!

पल्ला बाकी नसतो. १४० अणूंचा हिशेब करा. एक हवा आहे, १३९ नको आहेत. पाच टक्क्यांवर येताना त्या नकोशांपैकी सुमारे १२० तुम्ही आधीच बाहेर टाकलेले असतात. वीस टक्क्यांवर पोचलात की हव्या असलेल्या एकाबरोबर फक्त चार नकोसे उरतात. शंभर लिटर दुधातून मलई काढली की नव्वद लिटर फिकं दूध तेव्हाच बाजूला होतं. पुढं त्या मलईचं लोणी करायला आणि लोण्याचं तूप कढवायला कितीसं काम उरतं? बॉम्बच्या दर्जाचं युरेनियम करायला जेवढं काम लागतं, त्यातलं दोन तृतीयांशांहून जास्त काम पाच टक्क्यांपर्यंतच संपलेलं असतं. वीसपर्यंत नव्वद टक्के काम झालेलं असतं. आणि यंत्र तेच. पुन्हा सांगतो, यंत्र तेच. विजेसाठी वेगळं आणि बॉम्बसाठी वेगळं सेंट्रिफ्यूज नसतं. म्हणून यंत्र पाहून कुणाच्या मनात काय आहे ते ओळखता येत नाही. आत किती गेलं, बाहेर किती आलं, ते किती टक्क्यांचं होतं आणि आज कुठं आहे, हे मोजत राहणं एवढाच मार्ग उरतो.

ही मोजणी होते कशी? वडिलांच्या शिशाच्या सीलसारखीच वस्तू या निरीक्षकांच्या पिशवीत वर्षानुवर्षं होती. नाण्याएवढी धातूची टोपी, दोन भागांची. तिच्या आतल्या अंगाला ओरखडे असत, प्रत्येक टोपीचे निराळे, आणि लावण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवत. टाकीच्या कडीतून तार ओवायची आणि टोपी दाबून बंद करायची. पुढच्या फेरीत ती काढून व्हिएन्नाला न्यायची, उघडायची आणि आतले ओरखडे जुन्या फोटोशी ताडून पाहायचे. पक्कड घेऊन कुणीही तार तोडू शकेल, सील त्यासाठी नसतंच. तोडलेलं लपवता येऊ नये, यासाठी ते असतं.

दुसरी वस्तू म्हणजे सुती कापडाचा तळहाताएवढा तुकडा. निरीक्षक तो भिंतीवरून, नळीवरून, टेबलावरून फिरवतो आणि पाकिटात बंद करतो. धुतलेल्या रिकाम्या कॅनचं झाकण उघडून नुसत्या वासावर वडील सांगायचे, यात काल रात्रीचं दूध होतं. १९९२ साली उत्तर कोरियात तेच घडलं. योंगब्योन इथं आम्ही एकदाच, थोडंसं, ग्रॅममध्ये मोजावं एवढं प्लुटोनियम वेगळं केलं, असं त्यांनी लिहून दिलं होतं. नमुने प्रयोगशाळेत तपासल्यावर कळलं की हे काम एकदा झालेलं नाही, निरनिराळ्या वर्षी झालेलं आहे. वही एक सांगत होती, कॅनचा वास दुसरं. व्हिएन्नाच्या संस्थेनं आणखी दोन जागा पाहू द्या म्हटलं, आणि मार्च १९९३ मध्ये उत्तर कोरियानं करार सोडण्याची नोटीस दिली.

पुढं १९९४ चा समझोता झाला. अणुभट्टीत जळालेल्या इंधनाचे सुमारे ८,००० दांडे सीलबंद झाले, कॅमेरे बसले. आठ वर्षं ते दांडे जागचे हलले नाहीत. एक तार आणि एक टोपी, पण आठ वर्षं! २००२ च्या डिसेंबरात सीलं काढली गेली, कॅमेरे बंद झाले, निरीक्षकांना देशाबाहेर पाठवलं. २००६ च्या ९ ऑक्टोबरला पहिला स्फोट झाला. आपल्या लक्षात ९ ऑक्टोबर राहतो. धोक्याची तारीख मात्र डिसेंबर २००२ ची होती, आणि ती कुणाला आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मोजणीतही चूक होते, हेही सांगायला हवं. इराकमध्ये दाखवलेल्या साठ्याचा ताळा बरोबर येत होता. १९९१ च्या युद्धानंतर उघड झालं की वहीत न लिहिलेला दुसराच गोठा शेजारी चालू होता. त्यातूनच १९९७ मध्ये जादा तपासणीचा नवा मसुदा आला. दाखवलेलं मोजा आणि न दाखवलेलं शोधा, असं त्याचं सार. तोवर पाकिस्तानच्या अब्दुल कादिर खान यांनी हॉलंडमधून नेलेल्या सेंट्रिफ्यूजच्या आराखड्यांचा व्यापार सुरू झालाच होता. २००३ साली लिबियाला निघालेल्या जहाजावर त्याच व्यापारातले सुटे भाग सापडले.

दक्षिण आफ्रिकेचं मात्र सांगायलाच हवं. या देशानं सहा बॉम्ब बनवले आणि स्वतःच मोडले. १९९१ मध्ये करारावर सही केली, आणि १९९३ मध्ये अध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत हे सगळं जाहीर केलं. जगानं विश्वास कशावर ठेवायचा? निरीक्षक बसले आणि त्यांनी कारखान्याच्या जुन्या नोंदी काढल्या, रोजचं कामकाज, रोजची आवक-जावक. त्या कागदांवरून एकूण किती समृद्ध, म्हणजे टक्का वाढवलेलं, युरेनियम तयार झालं असेल ते काढलं आणि हातातल्या साठ्याशी ताडलं. कुणीतरी रोज प्रामाणिकपणे वही लिहून ठेवली होती, म्हणून एका देशाच्या शब्दावर जगाला विश्वास ठेवता आला. हे वाचलं तेव्हा मला आमच्या ओसरीवरचा, वडिलांच्या वहीशेजारचा कंदील आठवला.

आपण सही न केलेला देश, तरी ही मोजणी आपल्याला परकी नाही. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या, आणि व्हिएन्नाच्या निरीक्षकांना तिथला रस्ता जुना आहे. तुर्भ्याची सायरस भट्टी त्यांच्या देखरेखीखाली नव्हती. तिच्यातलं प्लुटोनियम १९७४ ला पोखरणमध्ये वापरलं, आणि त्याच्या परिणामी अणुसामग्री पुरवठादार देशांचा गट उभा राहिला. २००८ मध्ये त्याच गटानं आपल्याला सूट दिली, ती आपण नागरी भट्ट्या मोजणीसाठी खुल्या करायचं मान्य केल्यावर.

आता इराण. त्याच्याशी झालेल्या २०१५ च्या करारानं मर्यादा ठरवली होती, समृद्धीची ३.६७ टक्के आणि साठ्याची ३०० किलो. नतांझच्या सेंट्रिफ्यूज कारखान्यात कॅमेरे होते, सीलं होती, माणसं जात-येत होती. करार चांगला होता की वाईट, यावर वाद घाला, पण ताळा जुळत होता. २०१८ मध्ये अमेरिका त्या करारातून बाहेर पडली. २०२१ मध्ये इराण साठ टक्क्यांवर गेला. मघाचा हिशेब आठवा, साठ म्हणजे तूप जवळजवळ कढलेलंच. २०२२ मध्ये त्यांनी २७ कॅमेरे काढले. जून २०२५ मध्ये इराणवर हल्ले सुरू झाले तेव्हा साठ टक्क्यांचा साठा संस्थेच्या अंदाजानं ४४० किलोच्या वर होता. आणखी समृद्ध केला तर संस्थेच्याच मापानं दहा बॉम्बना पुरेल एवढा. बॉम्बफेकीनंतर निरीक्षक देशाबाहेर पडले, आणि त्या साठ्याशेजारी उभं राहून तो मोजणं पुढं कित्येक महिने कुणालाच जमलं नाही. हल्ल्यांच्या त्या आठवड्यात आपण सगळे बॉम्ब किती खोल गेला याची चर्चा करत होतो. अहो, गोठा पाडला म्हणून दूध कुठं गेलं ते कळतं का?

 शेवटी एकच विनंती. यापुढं अमुक देश अण्वस्त्रं बनवतो आहे अशी बातमी आली, की मथळ्यावर थांबू नका. खाली वाचत जा. निरीक्षक आत आहेत की बाहेर, सील शाबूत आहे की तुटलं, हे एक वाक्य बहुधा शेवटच्या परिच्छेदात असतं. ते शोधा, घरात मोठ्यानं वाचून दाखवा, मुलांना त्याचा अर्थ सांगा. उत्तर कोरियात मधल्या काळात परत गेलेले शेवटचे निरीक्षकही एप्रिल २००९ मध्ये निघाले. त्यानंतर तिथं कुणी मोजलेलं नाही.