बरणी आणि हातभट्टी
(आखाडा बाळापूर येथील बैठकीतील भाषण)



दारूची दुकाने बंद करायला निघालेल्या बाया विचारतात, तुम्ही वाईनची भाषा कशी करता? प्रश्न रास्त आहे. आम्ही हातभट्टीबद्दल बोलत नाही. मधात पाणी जेमतेम १८ टक्के, म्हणून तो आंबत नाही. तिप्पट पाणी घालून यीस्ट सोडले की आंबतो. त्या मधाच्या वाईनला मीड म्हणतात. द्राक्षरसात २२ टक्के साखर असली तर अल्कोहोल १२ टक्क्यांच्या आसपास उतरते. साखर संपली, काम थांबले. जाळ नाही, नळी नाही.

पण १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा बरणी आणि भट्टी एकाच मापाने मोजतो. परवान्याशिवाय दोन्ही गुन्हाच. कायदा झाला तेव्हा बाळापूर हैदराबाद राज्यात होते, तरी तो आपल्या मानेवर बसलाच! २००१ च्या धोरणाने सवलती दिल्या त्या वाईनच्या कारखान्यांना, बागवाल्याच्या घराला नाही. अमेरिकेत दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर वाईन करता येते. विकता येत नाही.

आमची मागणी तेवढीच. घरापुरती मुभा, विक्रीला मनाई. आणि ज्या गावात बायांनी मतदान करून बाटली आडवी केली, तिथे तीही नको. तोवर कोणी बरणी भरू नये. छापा पडला तर जामिनाला संघटनेची वर्गणी पुरायची नाही.