पातळ कवच, वारा आणि उष्णता : स्वागताध्यक्षीय भाषण

विमानाचा पंख, क्षेपणास्त्राचा देह आणि पवनचक्कीचे पाते या तिन्ही रचना बाहेरून भरीव दिसतात, पण आतून बहुतांशी पोकळ असतात. भार पेलण्याचे काम थोड्या मिलिमीटर जाडीचे कवच आणि त्याला आतून आधार देणाऱ्या फासळ्या करतात. वजन कमी राखण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. मात्र कवच जितके पातळ, तितके ते दोन गोष्टींपुढे हळवे होते. वाऱ्याकडून ऊर्जा घेऊन आपोआप वाढत जाणारी कंपने म्हणजे फ्लटर, ही त्यांतली पहिली. तापूनही प्रसरणाला जागा न मिळालेल्या पत्र्यात साचणारा औष्णिक ताण, ही दुसरी. या दोन्हींचा एकत्र विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या वतीने सर्व प्रतिनिधींचे मनःपूर्वक स्वागत.

या विषयाला खानदेशाची भूमी परकी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या कुळाची माहिती आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापन केला. इ.स. १२०७ च्या त्या दानाची नोंद दगडावर कोरलेली आहे. गणिताला राजाश्रय आणि लोकाश्रय देणारा हा प्रदेश आज उन्हासाठी ओळखला जातो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. भुसावळच्या आयुध निर्माणीत पिनाक रॉकेटांचे पॉड तयार होतात. जळगाव विमानतळावर आणि धुळ्याजवळच्या गोंदूर धावपट्टीवर वैमानिकांच्या प्रशिक्षणाची सोय आहे. वारा, उष्णता आणि पातळ कवच हे तिन्ही येथे रोजच्या कामाचे विषय आहेत.

फ्लटरची यंत्रणा प्रथम पाहणे सोयीचे. पंख वर-खाली वाकतो आणि स्वतःभोवती पिळलाही जातो. या दोन्ही हालचालींची वारंवारता स्थिर हवेत वेगवेगळी असते. वेग वाढतो तसा हवेच्या दाबाचा परिणाम होऊन त्या एकमेकींजवळ येतात. वाक आणि पीळ यांच्यात एक विशिष्ट कालांतर पडले, की प्रत्येक आवर्तनात हवा पंखाला थोडी ऊर्जा देऊन जाते. रचनेतील डॅम्पिंग, म्हणजे कंपने शमवण्याची क्षमता, जोवर ती ऊर्जा खर्च करू शकते, तोवर धोका नाही. ज्या वेगाला मिळणारी ऊर्जा खर्च होणाऱ्या ऊर्जेपेक्षा अधिक होते, तो फ्लटरवेग. त्यापुढे कंपने काही सेकंदांत पंख मोडू शकतात. हे अनुनादाहून वेगळे आहे. येथे बाहेरून ठरावीक तालाचा धक्का लागत नाही. रचनेची हालचालच हवेचे बल घडवते आणि ते बल हालचाल वाढवते.

अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज हा झुलता पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सुमारे ६८ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला, तो याच स्वयंप्रेरित पीळ-कंपनामुळे. विमानांतील अनुभव त्याहून जुना आहे. पहिल्या महायुद्धात हँडली पेज बाँबरच्या शेपटीतील फ्लटरचा शोध लावावा लागला. १९३५ मध्ये थिओडोर थिओडोरसन यांनी अस्थिर वायुबलांचे गणित मांडले आणि फ्लटरवेग आधी काढता येऊ लागला. तरीही १९५९ आणि १९६० मध्ये लॉकहीड इलेक्ट्रा जातीच्या दोन विमानांचे पंख उड्डाणात तुटले. इंजिनाच्या आधाराची दृढता कमी झाल्यावर प्रोपेलर आणि इंजिन भोवंडत राहिले आणि त्या कंपनाने पंखालाही ओढून घेतले. सप्टेंबर १९९७ मध्ये मेरीलँड येथे एफ-११७ विमान प्रात्यक्षिकादरम्यान कोसळले. पंखाच्या आतील जोडणीतले काही फास्टनर बसवायचे राहिले होते. दृढतेत थोडी घट झाली तरी फ्लटरवेग किती खाली येतो, हे या तिन्ही अपघातांनी दाखवले.

प्रशिक्षण विमानाच्या वेगदर्शकावरील लाल रेघेमागे हाच हिशेब असतो. ती कधीही न ओलांडायचा वेग दाखवते. छोट्या विमानांच्या प्रमाणन-नियमांप्रमाणे आरेखनातील कमाल सूरवेगाच्या १.२ पटीपर्यंत फ्लटर होता कामा नये, आणि लाल रेघ त्या सूरवेगाच्याही खाली ठेवलेली असते. एलेरॉन, रडर यांसारख्या हलत्या पृष्ठभागांचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या मागे जाऊ नये म्हणून पुढच्या कडेला वजन बसवतात. रडर पुन्हा रंगवला, तरी त्याचा तोल पुन्हा तपासावा लागतो. हँगरमधल्या तंत्रज्ञाची ही तपासणी म्हणजेच फ्लटरविरुद्धचे संरक्षण होय.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात सुखोई-३० एमकेआय विमाने तयार झाली. २५ जून २०१६ रोजी नाशिकमधून या विमानाने पोटाखाली सुमारे अडीच टनांचे ब्राह्मोस क्षेपणास्त्र घेऊन पहिले उड्डाण केले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी त्याची पहिली हवाई चाचणी यशस्वी झाली. बाहेर टांगलेले प्रत्येक वजन विमानाची कंपनवृत्ती बदलते. म्हणून अशा जोडणीपूर्वी जमिनीवरील कंपनचाचणी, संगणकीय विश्लेषण आणि टप्प्याटप्प्याने वेग वाढवत केलेली उड्डाणे अपरिहार्य ठरतात.

आता उष्णतेकडे. भुसावळ हे मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय आहे. येथील लांब वेल्डेड रुळांना लांबीत वाढायला वाव नसतो. ताणमुक्त तापमानापेक्षा रूळ ३० अंशांनी अधिक तापला, तर दर मीटरला ६० किलो वजनाच्या एका रुळात पन्नास टनांहून अधिक दाब निर्माण होतो. रूळ बाजूला फेकला जाऊ नये म्हणून खडी, स्लीपर आणि ठरावीक काळाने होणारे डीस्ट्रेसिंग, म्हणजे रुळातील ताण मोकळा करणे, हा सारा खटाटोप असतो. विमानाच्या पत्र्यात हेच बल जाडीच्या अभावी अधिक घातक ठरते. उदाहरणादाखल ३०० मिलिमीटर चौरस आणि १.५ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घेऊ. त्याच्या कडा टेकलेल्या आहेत, पण सरकू शकत नाहीत. गणित सांगते, की आधारचौकटीपेक्षा तो सव्वा-दीड अंशाने तापला, तरी बकलिंग होऊन फुगतो. जाडी दुप्पट केली, की ही मर्यादा चौपट होते. पण वजनही दुप्पट होते. प्रत्यक्षात चौकटही थोडी तापते आणि थोडी लवते, म्हणून पत्रा वाचतो.

उष्णता आणि फ्लटर यांचा मेळ येथेच बसतो. वर उदाहरणादाखल घेतलेल्या पत्र्याची नैसर्गिक वारंवारता सुमारे ८० हर्ट्झ येते. बकलिंगसाठी लागणाऱ्या तापमानवाढीच्या निम्मी वाढ झाली, की ती सुमारे ५७ वर उतरते. तीन चतुर्थांश वाढीला ती निम्मी होते. पत्रा दिसायला सपाट आणि शाबूत असतो, पण त्याची दृढता निघून गेलेली असते. स्वनातीत वेगात हवेच्या एकाच बाजूच्या प्रवाहाने असा पत्रा फडफडू लागतो. त्याला पॅनेल फ्लटर म्हणतात. मोठ्या विक्षेपात पत्र्यातील ताण कंपनाला मर्यादा घालतो, त्यामुळे तो लगेच फाटत नाही. मात्र थकव्याने तडे जातात.

संपूर्ण पंखालाही ही बाधा होते. विमान वेगाने त्वरण घेते, तेव्हा पातळ पुढची आणि मागची कड आधी तापते, जाड मध्यभाग थंड राहतो. कडांत दाब, मध्यात ताण अशी विभागणी होते आणि पंखाची पीळदृढता तात्पुरती घटते. धातूचा प्रत्यास्थता-गुणांक जसाच्या तसा असूनही हे घडते. सारा पंख सारखा तापल्यावर दृढता परत येते. म्हणून सर्वांत धोक्याची वेळ सर्वाधिक तापमानाची असेलच असे नाही. तापमानातील फरक सर्वाधिक असण्याची वेळ अधिक महत्त्वाची.

मॅक २ च्या वेगात काँकॉर्डचे नाक सुमारे १२७ अंशांपर्यंत तापत असे. ब्राह्मोसच्या मॅक २.८ ला ११ किलोमीटर उंचीवर, उणे ५६ अंशांच्या हवेतही, अडवलेल्या प्रवाहाचे तापमान २८० अंशांच्या आसपास पोचते. एक्स-१५ या संशोधन विमानात पॅनेल फ्लटर आढळल्यावर पत्र्यांना जादा पट्ट्या बसवल्या गेल्या. टायटॅनियमच्या एसआर-७१ च्या पंखावरील पत्रे पन्हळी ठेवले होते, म्हणजे प्रसरण पन्हळीत सामावून जाई.

पवनचक्कीच्या पात्याचे कवच काचतंतूंचे असते. पाते लांब होत जाते तशी त्याची पीळदृढता तुलनेने घटते आणि फ्लटरवेग चालू वेगाच्या जवळ सरकतो. ब्राह्मणवेलच्या पठारावर उन्हाने तापलेल्या रेझिनची दृढता आणि पावसाळी वाऱ्याचा जोर यांची मोजमापे घेणे विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे.

उष्णतेचा विचार एका विभागाने आणि वाऱ्याचा दुसऱ्याने करायचा, ही कामाची वाटणी पातळ कवचाला मानवत नाही. तापमान दृढता ठरवते, दृढता फ्लटरवेग ठरवते, आणि वेग पुन्हा तापमान ठरवतो. म्हणून तिन्हींची समीकरणे एकत्र सोडवली पाहिजेत आणि एकत्रच तपासली पाहिजेत. याची सुरुवात महागड्या पवनबोगद्याशिवाय होऊ शकते. कडा घट्ट बांधलेला पत्रा, काही उष्णता-दिवे, थर्मोकपल आणि ॲक्सिलरोमीटर एवढ्यावर तापमानाबरोबर उतरणारी वारंवारता मोजता येते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी असा प्रयोग उभारावा, गणिताशी त्याचा मेळ तपासावा आणि येथे आलेल्या तज्ज्ञांनी त्यातल्या त्रुटी दाखवाव्यात, अशी स्वागत समितीची अपेक्षा आहे. परिषदेच्या कामकाजास शुभेच्छा.