जर्मनीत इंग्रजी लॅपटॉप

2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगारांचा करार केला, आणि आमच्या वरंधमध्येही जर्मनीचा विषय निघायला लागला. तिकडे गेलेला माझा भाचा विचारतो, "मामा, इथं सगळे लॅपटॉप जर्मन. महाडहून पाठवता का?" दाजींनी कर्ज काढून धाडलंय त्याला, दोनदा खर्च परवडणार नाही.

मी म्हटलं, तिकडेच घे. दुकानातल्या नव्या वस्तूला युरोपीय कायद्यानं विक्रेता 2 वर्षं बांधील असतो. स्क्रीनची भाषा ही अडचणच नाही. विंडोजच्या सेटिंगमधून इंग्रजी फुकट उतरते. फक्त 'सिंगल लँग्वेज' आवृत्ती नको.

खरी गोम कीबोर्डची. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड उलटसुलट, ॲट द रेटसाठी ऑल्ट-जीआर धरून क्यू दाबायचा. सेटिंगमध्ये इंग्रजी मांडणी निवडली की बोटं नेहमीसारखी चालतात, पण बटणांवर छापलेलं जर्मनच राहतं. न बघता टाइप करणाऱ्याला चालून जातं. आमचे साहेब दोन बोटांनी, बघून बघून! त्यांनी ऑर्डर देतानाच इंग्रजी कीबोर्ड मागावा, काही कंपन्या देतात. नाहीतर बाहेरून एक जोडावा. मराठीचं काय? इनस्क्रिप्टची अक्षरं तशीही बटणांवर सहसा नसतातच.