जुना ट्रक, नवे इंजिन



१९४८ साली अमेरिकेतील शेतकरी फोर्डचा एफ-१ ट्रक घ्यावयास गेला, म्हणजे त्याच्यापुढे दोन इंजिने असत: सहा सिलिंडरांचे ९५ अश्वशक्तीचे आणि व्ही-८, १०० अश्वशक्तीचे. पाच घोड्यांसाठी दोन सिलिंडर जास्त! पण व्ही-८चा आवाजच माणसाला भुलवी. मेख अशी की, त्यातला जळका वायू इंजिनाच्या ठोकळ्यातूनच बाहेर पडे. साहजिकच भोवतालचे पाणी फार तापे. आज असे ट्रक डागडुजीस काढणारे पुष्कळजण त्यात नवे इंजिन बसवितात. रोज माल वाहायचा असेल तर खुशाल बसवावे. पण जुनी गाडी म्हणून मिरवायची असेल, तर आम्ही म्हणू, तापण्यासकट ती सांभाळावी. मोठा रेडिएटर तेवढा आम्ही माफ करू.