मैदानाच्या कडेचा माणूस

श्रोतेहो, कॉलेजच्या संघातून खेळलेला मुलगा शिक्षण आटोपून जामसंड्याला परत येतो, तेव्हा त्याच्या बॅटचे काय होते? बहुधा ती माळ्यावर जाते. पोरगा हापूसच्या बागेत फवारणीला लागतो, नाहीतर मुंबईची गाडी धरतो. कोणी विचारलेच तर म्हणतो, "आमचो खेळ संपलो." हे म्हणणे मला अर्धेच खरे वाटते.

अमेरिकेत बेसबॉल म्हणून खेळ आहे. आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊच म्हणा ना! त्यात फलंदाजीच्या बाजूचे दोन शिक्षक पहिल्या आणि तिसऱ्या तळापाशी उभे असतात. धावणाऱ्याला पाठीमागचा चेंडू दिसत नाही. थांबायचे की पळायचे, हे त्याने या माणसाच्या हाताकडे पाहून ठरवायचे. कॉलेजात खेळलेले कितीतरी जण तिकडे पुढे अशा सहायकाच्या कामाला लागतात.

आपल्याकडे हा माणूस सीमारेषेबाहेर उभा असतो, आणि त्याच्या हाताकडे पाहतो कोण?

रमाकांत आचरेकर आपल्याच जिल्ह्याचे, जन्म मालवणचा, १९३२ सालचा. त्यांची कीर्ती मी सांगायला नको. पण फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा उपान्त्य सामना चालू होता, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स, तेव्हा कडेला सर नव्हते. त्यांचे सहायक लक्ष्मण चव्हाण होते. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी खेळत होते. डाव घोषित करा, असे चव्हाण ओरडून, खुणा करून सांगत होते, आणि ही दोन पोरं त्यांच्या बाजूला बघतच नव्हती! भागीदारी ६६४ वर गेली. अखेर जेवणाच्या सुट्टीत फोनवर खुद्द सरांचा शब्द आला आणि डाव थांबला. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. साडेतीनशेला एकच धाव हवी होती, ती काही मिळाली नाही.

पोरांच्या या खोडीला आपण कौतुकाने हसतो. मी मात्र चव्हाणांच्या बाजूचा. सामना जिंकायचा तर समोरच्यांना दोनदा बाद करायला वेळ नको का? सहायकाच्या अंगावर जबाबदारी पूर्ण असते आणि हुकमत उसनी. हे ज्याला सोसत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

त्या दिवशी पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला तेरा वर्षांचा मुलगा होता अमोल मुजुमदार. त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणात त्याने २६० धावा केल्या, प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा जमविल्या. भारताची टोपी काही मिळाली नाही. मग तो इतरांच्या हाताखाली फलंदाजी शिकवू लागला. २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या संघाने विश्वचषक जिंकला.

दुसरे उदाहरण कारवारच्या खालच्या कुमठ्याचे. राघवेंद्र तेथून क्रिकेटपटू व्हायला निघाला, हात मोडला. मग त्याने लांब दांड्याच्या पळीसारखे एक साधन हाती घेतले आणि भारतीय फलंदाजांना सरावासाठी वेगवान चेंडू फेकू लागला. वर्षानुवर्षे तेच काम!

खेळून आलेल्याला मोह एकच पडतो. पोराचा फटका चुकला की, "आण इकडे, मी दाखवतो," म्हणून बॅट हिसकावून घ्यायची. मग दहा मिनिटे तोच खेळतो, पोरं टाळ्या वाजवतात, आणि शिकत कोणी काही नाही. त्यापेक्षा पन्नास चेंडू टाकावेत, पुढचा पाय कुठे पडतो ते बघावे, आणि सांगायचे ते मुलाला बाजूला घेऊन सांगावे, चारचौघांत नव्हे.

शाळेत खेळाचे मास्तर बहुधा एकटेच असतात. त्यांना सामना, संघ, पंच, पाण्याची घागर सगळेच बघायचे. जामसंड्याच्या तरुणांनो, भातकापणी होऊन मळे मोकळे झाले की एखाद्या रविवारी मास्तरांकडे जा. आधी त्यांना विचारा. त्यांच्या शब्दावर आपला शब्द चढवू नका. पंचवीस मुलांत दहाजणांची पाळीच येत नाही, ती दहा मुले मागून घ्या आणि मळ्याच्या दुसऱ्या टोकाला जा. चेंडू टेनिसचा असला तरी चालेल.