सनद, नोकरी आणि कंपनीचा विधी विभाग



कायद्याची पदवी घेतलेल्या मुलामुलींना घरोघरी पहिला प्रश्न होतो, ‘कोणत्या वकीलसाहेबांकडे बसणार?’ कंपनीच्या विधी विभागात शिरण्यास असा अनुभव कायद्याने सक्तीचा नाही. तेथील बरेचसे काम करारमदारांचे: विलंबाची भरपाई, लवादाचे ठिकाण, लघुउद्योजकाचे देणे ४५ दिवसांच्या आत चुकते करण्याचे २००६ च्या कायद्याचे बंधन. पेढीवर वाढलेल्या मुलाला उधारी का थकते हे ठाऊक असते. ही शिदोरी थोडी नव्हे. मुलाखतीस जाताना त्या धंद्यातील एखाद्या खरेदी कराराचा बारकाईने अभ्यास मात्र केलेला असावा.

याची किंमतही जाणून घ्यावी. बार कौन्सिलच्या नियम ४९ अन्वये पूर्णवेळ पगारी नोकरास वकिली करता येत नाही. शिवाय ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की वकील व अशील यांच्यातील संवादाचे साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ खालील संरक्षण अशा सल्लागारास नाही; कलम १३४ चे मर्यादित तेवढे आहे. तेव्हा लेखी सल्ला देताना हे भान हवे. नियुक्तिपत्र हाती पडताच राज्य बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करून घ्यावी. नोकरी सोडल्यावर ती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज करता येतो.