सिस्टिक फायब्रोसिस : बाळाची घरची शुश्रूषा
(पेठ येथील पालक मेळाव्यातील भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आजाराविषयी सांगतो ते डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे. सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार असून त्याचे जनुक १९८९ साली सापडले. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारांत एक असते. यात कोणाचाही दोष नाही.

या आजारात फुप्फुसांतील कफ चिकट होऊन साचतो व जंतुसंसर्ग वारंवार होतो. म्हणून तो रोज सैल करावा लागतो. दूध पाजण्यापूर्वी बाळाला मांडीवर घ्यावे, अंगावर पातळ कापड ठेवावे आणि तळहात पोकळ करून, शिकविल्याप्रमाणे छातीवर व पाठीवर थापटावे. कणा व पोट टाळावे. पूर्वी बाळाचे डोके खाली करीत. दूध उलटून वर येते म्हणून तान्ह्या बाळांत आता ते करीत नाहीत. ओठ निळसर झाल्यास वा धाप लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

पेठहून नाशिक ५० किलोमीटरांहून दूर. दिवसातून दोनदा करावयाचा हा उपचार घरीच व्हावा लागतो. आईने तो शिकणे हाच त्याचा पाया होय.

देणगीदारांना नम्र विनंती : यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते, मातेच्या प्रशिक्षणावर व एस.टी.च्या भाड्यावर ती लागत नाही. जमाखर्चात ही रक्कम लहान दिसते, परंतु बाळाचा श्वास तिच्यावरच अवलंबून असतो.